बाह्य संचयसाधने आणि संगणकारंभातील अडथळे : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश : संगणकाला पेन ड्राइव्ह किंवा बाह्य हार्ड डिस्क जोडलेली असताना तो सुरूच न होणे, हा कार्यालयीन जीवनातील नित्याचा अनुभव आहे. हा दोष आकस्मिक नाही. 1981 मध्ये रूढ झालेल्या एका रचनेतून तो उद्भवला आहे. प्रस्तुत लेखात फ्लॉपीपासून आजच्या पेन ड्राइव्हपर्यंतचा त्याचा इतिहास मांडून, चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत त्याला सामाजिक प्रश्नाचे रूप का येते, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : संगणकारंभ, बायोस, फ्लॉपी, पेन ड्राइव्ह, ग्रामीण प्रशासन, गडचिरोली.

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासलेखनात वेग, क्षमता आणि किंमत यांचा आलेख प्रामुख्याने मांडला जातो. यंत्र बिघडते कसे आणि ते दुरुस्त कोण करते, या प्रश्नांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः सामान्य माणसाचा संगणकाशी येणारा संबंध बहुधा बिघाडाच्या क्षणीच स्पष्ट होतो. दाखल्यासाठी आलेल्या माणसाच्या कानी "संगणक सुरू होत नाही, उद्या या" हे वाक्य पडते, तेव्हा तंत्रज्ञानाचा इतिहास त्याच्या एका दिवसाच्या मजुरीशी जोडला जातो.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्याचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर असून 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 10,72,942 आहे. जिल्ह्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ 11,443 चौरस किलोमीटर असून त्याचाही सुमारे एक-तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. सिरोंचा तालुक्याचे ठिकाण गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा प्रदेशात माहितीची ने-आण दीर्घकाळ तारेपेक्षा खिशातूनच अधिक होत आली, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

संगणक सुरू होतो म्हणजे काय ?

वीज मिळताच संगणकाच्या स्मृतीत काहीही नसते. कार्यप्रणाली डिस्कवर असते, पण डिस्क वाचण्यासाठीही एखादा कार्यक्रम आधी चालू असावा लागतो. ही अडचण सोडविण्यासाठी मुख्य फलकावरील एका चिपमध्ये 'बायोस' नावाचा लहानसा कार्यक्रम कायमचा नोंदवून ठेवलेला असतो. तो प्रथम यंत्राच्या भागांची तपासणी करतो. त्यानंतर ठरलेल्या क्रमाने एकेका संचयसाधनाकडे जाऊन त्याचा पहिला भाग, म्हणजे 512 बाइटांचा आरंभखंड, वाचतो. जुन्या रचनेत या खंडाच्या शेवटी ठरावीक खूण आढळली की बायोस त्यातील सूचनांच्या हाती नियंत्रण सोपवून मोकळा होत असे. त्या सूचना विश्वासार्ह आहेत की नाहीत, त्यांच्यामागे खरोखर कार्यप्रणाली आहे की नाही, हे पाहण्याची व्यवस्था त्यात नव्हती.

गावात शिरणाऱ्या पाहुण्याने पहिले उघडे दार दिसताच आत जावे आणि आतील माणूस सांगेल तसे वागावे, असा हा प्रकार होता. दारांचा क्रम योग्य असेपर्यंत अडचण येत नाही. क्रमात परके दार आधी आले की पाहुणा भलत्याच घरी पोहोचतो. बाह्य संचयसाधनामुळे उद्भवणाऱ्या बहुतेक अडथळ्यांचे मूळ या क्रमात सापडते.

फ्लॉपीचा कालखंड

आयबीएम कंपनीने 12 ऑगस्ट 1981 रोजी आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात हार्ड डिस्क नव्हती. त्यामुळे फ्लॉपीवरून आरंभ करणे स्वाभाविकच होते. 1983 मध्ये आलेल्या 'एक्सटी' या नमुन्यात हार्ड डिस्क अंतर्भूत झाली, तरीही प्रथम फ्लॉपी आणि नंतर हार्ड डिस्क हा क्रम कायम राहिला. त्यामागे व्यावहारिक कारण होते. हार्ड डिस्क बिघडल्यास फ्लॉपीवरून यंत्र सुरू करून दुरुस्ती करता यावी, अशी ती सोय होती. पुढे हीच सोय अडचणीचे कारण ठरली.

सायंकाळी काम संपवून निघालेल्या कर्मचाऱ्याने फ्लॉपी यंत्रातच विसरली की दुसऱ्या दिवशी पडद्यावर 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर' असा संदेश येत असे. फ्लॉपी काढून कोणतीही कळ दाबली की संगणक सुरू होई. दोष किरकोळ, उपाय सोपा. पण इंग्रजीतील त्या संदेशाचा अर्थ न कळल्यास यंत्रच बिघडले अशी समजूत होत असे.

या किरकोळ दोषाच्या आड अधिक गंभीर बाब दडलेली होती. 1986 मध्ये लाहोर येथे तयार झालेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभखंडातच वास करीत असे. त्यानंतर 1987 च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये उगम पावलेला 'स्टोन्ड' हार्ड डिस्कच्या आरंभखंडातही शिरू लागला. फ्लॉपीवर कार्यप्रणाली नसली तरी तिच्या आरंभखंडातील सूचना चालतच असत. म्हणून बाधित फ्लॉपी विसरलेल्या यंत्रावर वरील संदेश दिसेपर्यंत विषाणू हार्ड डिस्कवर पोहोचलेला असे. आरंभ फसला, असे ज्याला वाटे, त्याच्या यंत्रात बाधेचा प्रवेश मात्र यशस्वी झालेला असे. 6 मार्च या दिवशी डिस्कवरील माहिती नष्ट करणाऱ्या 'मायकेलअँजेलो' विषाणूची 1992 मध्ये जगभर धास्ती पसरली होती. तोही याच मार्गाने पसरत असे. यानंतर आरंभक्रम बदलून हार्ड डिस्कला अग्रक्रम देण्याची सोय बायोसच्या मांडणीत सर्रास दिसू लागली.

भारतात नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणानंतर वैयक्तिक संगणकांचा प्रसार वाढला. 1976 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे जाळे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचू लागले. 1988-89 मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना देशातील 8 जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून चंद्रपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. जमिनीचा कागद आणि संगणकाची डिस्क यांचे नाते विदर्भात असे प्रारंभापासूनचे आहे.

पेन ड्राइव्हचे आगमन

जानेवारी 1996 मध्ये यूएसबी या जोडणीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. तिच्या निर्मितीत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. त्याच महिन्यात कॉम्पॅक, फिनिक्स आणि इंटेल या कंपन्यांनी आरंभसाधनांचा क्रम ठरविण्यासंबंधीचे विनिर्देश प्रसिद्ध केले. 2000 मध्ये पेन ड्राइव्ह बाजारात आले. आरंभीच्या पेन ड्राइव्हची क्षमता अवघी 8 मेगाबाइट होती, तरीही ती 1.44 मेगाबाइटच्या फ्लॉपीच्या पाचपटीहून अधिक होती. काही वर्षांतच फ्लॉपी मागे पडली.

मराठी मजकुराच्या बाबतीत पेन ड्राइव्हला आणखी एक काम करावे लागले. युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकलेखन होत असे आणि एका यंत्रावरील मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक अक्षरांत उमटे. त्यामुळे मजकुराबरोबर फॉन्टही वाहून न्यावा लागे. परिणामी पेन ड्राइव्ह कामाच्या वेळेत यंत्राला सतत जोडलेला राहू लागला आणि जोडलेला राहिल्यामुळेच विसरला जाऊ लागला.

येथे फ्लॉपीचाच इतिहास नव्या वेषात पुन्हा अवतरला. अनेक बायोस पेन ड्राइव्हला हार्ड डिस्कच समजत आणि हार्ड डिस्कांच्या यादीत त्याला पहिले स्थान देत. विंडोजमध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर आरंभखंड असतोच. तो 'एनटीएलडीआर इज मिसिंग' किंवा 'रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया' असा संदेश देऊन थांबे. मूळ हार्ड डिस्क पूर्णपणे निर्दोष असूनही ती निकामी झाल्याचा भास होई. नोव्हेंबर 2008 मध्ये आढळलेल्या 'कॉनफिकर'सारख्या विषाणूंनी पेन ड्राइव्ह जोडताच आपोआप चालणाऱ्या सोयीचा आधार घेतला. फेब्रुवारी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही ही सोय बंद करणारे अद्ययावतीकरण सर्वत्र पाठविण्यास सुरुवात केली.

दोषांचे स्वरूप आणि त्यांचे निराकरण

बाह्य साधनामुळे संगणक सुरू न होण्याचे प्रकार लक्षणांवरून चार गटांत विभागता येतात.

पहिला प्रकार, पडद्यावर निर्मात्याचे बोधचिन्ह येऊन यंत्र तेथेच थांबणे. यात बायोस जोडलेल्या साधनाची ओळख पटवीत असतो आणि साधन उत्तर देत नाही. साधन सदोष असू शकते किंवा त्याला वीज अपुरी पडत असते. यूएसबी 2.0 च्या खाचेतून 500 मिलिअँपिअर इतकाच प्रवाह मिळण्याची हमी असते. बाह्य हार्ड डिस्कची तबकडी फिरू लागताना याहून अधिक प्रवाहाची गरज भासू शकते.

दुसरा प्रकार, कार्यप्रणाली सापडत नाही असा संदेश येणे. याचे कारण बहुधा आरंभक्रम हेच असते.

तिसरा प्रकार, कार्यप्रणाली सुरू होऊनही साधनांची अक्षरे बदलणे. कालपर्यंत ज्या अक्षराखाली कार्यालयाची माहिती होती, ते अक्षर आज दुसऱ्या साधनाला मिळाल्याने नोंदींचा कार्यक्रम उघडत नाही. 2019 मध्ये विंडोज 10 चे मे महिन्याचे अद्ययावतीकरण बाह्य साधन जोडलेल्या संगणकांवर रोखून धरले गेले, त्याचे कारण अक्षरांची हीच अदलाबदल होती.

चौथा प्रकार याच्या उलट आहे. बाह्य साधन काढले की संगणक सुरू होत नाही. कार्यप्रणाली बसविताना बाह्य डिस्क जोडलेली राहिल्यास आरंभाचा कार्यक्रम तिच्यावर लिहिला जाण्याची शक्यता असते.

निराकरणाचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम संगणक पूर्ण बंद करून कळफलक, माउस व पडदा यांखेरीज सर्व जोडण्या काढाव्यात आणि तो पुन्हा सुरू करावा. सुरू झाल्यास दोष काढलेल्या साधनांपैकी एकात आहे, हे सिद्ध होते. मग प्रत्येक वेळी यंत्र बंद करून एकेक साधन जोडावे व पुन्हा सुरू करून दोषी साधन शोधावे. त्यानंतर आरंभीच 'डिलीट', 'एफ 2' किंवा त्या यंत्रासाठी नेमलेली कळ दाबून बायोसच्या मांडणीत जावे व अंतर्गत डिस्कला पहिले स्थान द्यावे. काही यंत्रांत हार्ड डिस्कांची यादी स्वतंत्र असते, तीही तपासावी. यूएसबीवरून आरंभ करण्याची सोय बंद करता येते, परंतु त्याच ठिकाणची यूएसबी कळफलकासंबंधीची सोय बंद केल्यास आरंभीच्या पडद्यावर कळफलकच चालेनासा होऊ शकतो. वीज अपुरी पडत असल्यास दुसरी खाच किंवा स्वतंत्र वीज घेणारा हब वापरावा. इतके करूनही यंत्र सुरू न झाल्यास आणि चौथ्या प्रकाराची लक्षणे असल्यासच आरंभखंडाची दुरुस्ती हाती घ्यावी. डिस्क फॉरमॅट करणे हा या दोषाचा उपाय नव्हे. निर्दोष डिस्क पुसली जाऊन दप्तराची हानी मात्र होते.

क्रम दुरुस्त करूनही दोष पुनःपुन्हा येत असेल, तर मुख्य फलकावरील 3 व्होल्टच्या नाण्याएवढ्या बॅटरीकडे पाहिले पाहिजे. ती संपली की जुन्या यंत्रांत घड्याळ मागे जाते आणि आरंभक्रम निर्मात्याने ठरविलेल्या मूळ स्थितीत परततो.

वनजिल्ह्यांतील संदर्भ

ही बॅटरी आणि वीजपुरवठा यांचा निकटचा संबंध आहे. यंत्राला बाहेरून वीज मिळत असते तोपर्यंत बॅटरीवर फारसा भार येत नाही. वीज खंडित असताना मात्र घड्याळ व मांडणी तिच्याच बळावर टिकते. 2000 च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घकाळ भारनियमन सोसले. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रातील पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला आणि 1997 पर्यंत सातव्या संचासह त्याची क्षमता 2,340 मेगावॉट झाली. राज्याला वीज पुरविणाऱ्या या परिसरातील खेड्यांतही संगणकाला अखंड वीज मिळेल याची शाश्वती नव्हती, हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

याच काळात प्रशासनाचे संगणकावरील अवलंबन वाढत गेले. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. 2011 मध्ये ग्रामपंचायतींसाठी 'संग्राम', अर्थात संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, हा प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. 2015 मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा आला आणि दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध होऊ लागला. मुदत कायद्याने बांधली गेली, पण ती ज्या यंत्रावर अवलंबून होती, त्याच्या आरंभाची हमी कोणत्याही कायद्यात देता येण्याजोगी नव्हती.

तार पोहोचली नाही तेथे डेटा कार्ड आले. त्यांपैकी अनेक कार्डे स्वतःचे सॉफ्टवेअर पोटात बाळगत आणि जोडताच सीडी म्हणून ओळख देत. काहींत स्मृतिपत्र ठेवण्याची खाचही असे. इंटरनेटसाठी घेतलेले साधनही अशा प्रकारे यंत्राच्या दृष्टीने संचयसाधनच ठरे. स्वाक्षरीचे टोकन, डेटा कार्ड, पेन ड्राइव्ह आणि प्रिंटर अशा चार जोडण्यांसह सुरू होणारे यंत्र नेमके कशामुळे अडले, हे ओळखणे नवख्या संगणकचालकाला सोपे नव्हते.

वनहक्कांच्या प्रक्रियेत या प्रश्नाचे गांभीर्य विशेष जाणवते. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला तो 2012 मध्ये मिळाला. अशा दाव्यांसाठी ग्रामसभेचे ठराव, नकाशे आणि जुने अभिलेख जमवावे लागतात. त्यांच्या प्रती संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर राहू लागल्या, तेव्हा एका लहानशा साधनात अनेक कुटुंबांच्या हक्कांचा पुरावा सामावला. असे साधन जोडलेले यंत्र अडल्यावर घाईने 'फॉरमॅट करून घेऊ' असा निर्णय झाला, तर हानी कोणाची होते हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी बाब दोषारोपाची. कारण अज्ञात असले की दोष हाताळणाऱ्यावर येतो. तुटपुंज्या मानधनावरील संगणकचालकाने यंत्र बिघडविले, असे म्हणणे सर्वांत सोपे असते. प्रत्यक्षात त्याने सायंकाळी पेन ड्राइव्ह काढला नाही, इतकीच त्याची चूक असते. उरलेला दोष 1981 पासून चालत आलेल्या क्रमाचा असतो. दुरुस्तीसाठी यंत्र तालुक्याला किंवा जिल्ह्याला न्यायचे तर एक-दोन दिवस जातात, आणि दुकानात बाह्य साधनाविना जोडलेले तेच यंत्र निर्वेध सुरू होते. पैसे आणि दिवस दोन्ही खर्ची पडून मूळ कारण अज्ञातच राहते.

सोय आणि संकट

यूएसबीवरून आरंभ होण्याची सोय कायमची बंद का करू नये, असा प्रश्न येथे संभवतो. इतिहास त्याला सरळ होकार देत नाही. 2000 मध्ये आलेल्या 'नॉपिक्स'सारख्या लिनक्स प्रणाली सीडीवरून आणि पुढे पेन ड्राइव्हवरूनही थेट सुरू होऊ लागल्या. त्यांच्या साहाय्याने, अडलेल्या संगणकातील माहिती बाहेर काढणे शक्य झाले. 19 जुलै 2024 रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. तेव्हा त्यांना पुन्हा उभे करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जे साधन दिले, ते पेन ड्राइव्हवरूनच चालणारे होते. जे दार अडथळा ठरते, त्याच दाराने मदतही येते.

2005 मध्ये स्थापन झालेल्या यूईएफआय मंचाने जुन्या बायोसची जागा घेणारी रचना पुढे आणली. 2012 मधील विंडोज 8 पासून 'सिक्युअर बूट' ही आरंभाच्या कार्यक्रमाची स्वाक्षरी तपासणारी व्यवस्था सर्वत्र रूढ झाली. चार दशकांपूर्वीच्या अंधविश्वासाला हे उत्तर होते. मात्र त्यातून नवी अडचणही आली. डिस्क कूटबद्ध असलेल्या संगणकात आरंभक्रम बदलल्यास किंवा अनपेक्षित साधन जोडलेले आढळल्यास यंत्र 48 अंकी पुनर्प्राप्ती कळ मागू शकते. ती कळ लिहून ठेवलेली नसेल, तर माहिती सुरक्षित राहते खरी, पण मालकालाही ती मिळत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, बाह्य संचयसाधनामुळे संगणक न उठणे हा बहुतांशी आरंभक्रमाचा, ओळखीचा किंवा विजेचा प्रश्न असून डिस्क निकामी झाल्याचे ते लक्षण नव्हे. दोन, फ्लॉपीच्या काळातील दोष साधन बदलल्याने नाहीसा झाला नाही. रचना तीच राहिल्याने तो नव्या साधनाबरोबर पुढे आला. तीन, अंतर, पूर, भारनियमन आणि दुर्बल इंटरनेट यांमुळे चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या प्रदेशात पेन ड्राइव्हवरील अवलंबन वाढले आणि किरकोळ तांत्रिक दोषाची किंमत नागरिकाला मोजावी लागली. चार, संगणकसाक्षरतेत टंकलेखन व तक्ते यांच्या जोडीला यंत्र कसे उठते, याचे ज्ञानही अंतर्भूत असले पाहिजे.

त्यासाठी फार मोठी तरतूद लागत नाही. प्रत्येक केंद्रात संगणकाशेजारी मराठीत लिहिलेला एक कागद असावा. आधी सर्व जोडण्या काढा, मग सुरू करा, एकेक जोडून पाहा, क्रम तपासा, बॅटरी पाहा, आणि प्रत घेतल्याशिवाय काहीही पुसू नका. एवढ्या सूचना त्यावर असल्या, तरी दूरच्या गावाहून आलेल्या माणसाची एखादी फेरी वाचू शकेल.